तंजावरचं पत्तियम

अंगावरून पांढरं जाण्याचा त्रास आमच्याकडे बायका एकमेकींनाही सरळ सांगत नाहीत. कंबर मोडून येते, पिंढऱ्या भरून येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, हातापायांतलं बळ गेलंय, असं सांगतात आणि ऐकणारीला काय ते कळतं. माझ्या सासूबाई ‘धुपणी’ म्हणायच्या, तेही स्वयंपाकघरात पुरुषमाणूस नसताना. निदान ठरलेलं, उष्णता. उपायही ठरलेले. तांदळाचं धुवण, भिजवलेला सब्जा, गुलकंद, कोहळ्याचा रस. यातलं काहीही वाईट नाही. पण आत नक्की काय बिघडलंय हे या सगळ्यात कुणी बघत नाही, आणि बघायला पाहिजे असं कुणाला वाटतही नाही.

मला हा त्रास धाकट्याच्या जन्मानंतर सुरू झाला. साताऱ्याकडच्या आमच्या तालुक्याच्या गावात मी एका दवाखान्यात दाखवलं होतं. डॉक्टरांनी माझं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत गोळ्या लिहून दिल्या. पडद्याआड तपासणीचं टेबल होतं, तिथपर्यंत मला कुणी नेलं नाही. गोळ्यांनी थोडे दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. पुन्हा गेले तर पुन्हा त्याच गोळ्या. त्यानंतर मी जायचं सोडून दिलं आणि जाड परकर, जास्तीचे कपडे, लांबच्या प्रवासाला नकार, अशी दिवसांची रचनाच बदलून घेतली. कितीतरी बायका अशाच जगतात. लग्नाला जाताना फिकट रंगाची साडी टाळतात आणि त्याचं कारण आयुष्यभर कुणाला सांगत नाहीत.

यांची बँकेत बदली झाली आणि आम्ही तंजावरला गेलो. मराठी माणसाला तंजावर म्हटलं की भोसल्यांचं राज्य, सरस्वती महाल ग्रंथालय, मोडीची दफ्तरं असं काहीबाही आठवतं. प्रत्यक्षात माझ्या वाट्याला आलं ते रणरणतं ऊन, न कळणारी भाषा आणि दुपारी सामसूम होणारी गल्ली. मुलं शाळेत, हे बँकेत, मी घरात. झोप उडाली होती. जेवण उरकायचं म्हणून उरकत होते. त्रास वाढला. आता वासही यायला लागला होता.

शेजारच्या अक्कांचे यजमान सैन्यातून निवृत्त झालेले, काही वर्षं खडकीला होते, त्यामुळे अक्कांना हिंदी बऱ्यापैकी यायचं. एके दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालताना मी कमरेवर हात ठेवून थांबले, तेव्हा त्यांनी बादली खाली ठेवली आणि विचारलं, “वेळ्ळैप्पडुदल आहे का गं, मा?” शब्द कळला नाही, पण त्यांनी हाताने जे दाखवलं ते कळलं. मी मान हलवली. त्या अजिबात लाजल्या नाहीत. कधीपासून, खाज आहे का, पाळी नीट येते का, असं त्यांनी तिथेच, उन्हात उभं राहून विचारून घेतलं. आजवर मला हे प्रश्न कुणीच विचारले नव्हते.

अक्कांचंही निदान उष्णताच होतं. त्या भागात त्याला ‘सूडु’ म्हणतात आणि डोळे चुरचुरण्यापासून केस गळण्यापर्यंत सगळं त्याच्या माथी मारतात. रात्री भिजवलेली मेथी सकाळी ताकाबरोबर गिळायची, मंगळवारी आणि शुक्रवारी डोक्याला तिळाचं तेल चोळून न्हायचं, कॉफी कमी करायची, हे त्यांनी लगेच सांगितलं. संध्याकाळी उळुंदंकळी घेऊन आल्या. ती कशी करतात ते मी नंतर त्यांच्या चुलीपाशी बसून पाहिलं. सालासकट काळे उडीद खमंग भाजायचे, थोड्या तांदळाबरोबर बारीक दळून आणायचे. करुप्पट्टी म्हणजे ताडगूळ पाण्यात विरघळवून गाळून घ्यायचा, कारण त्यात वाळूची कच असते. ते पाणी उकळलं की पीठ वैरत जायचं आणि लाकडी दांड्याने सारखं घाटायचं. अधूनमधून तिळाचं तेल सोडायचं. कडा सुटायला लागल्या, गोळा चकाकायला लागला की झालं. वाढताना गोळ्याला मध्ये बोटाने खळगा करतात आणि त्यात पुन्हा तेल भरतात. मुलगी न्हाती झाली की तिला तिथे हीच कळी खाऊ घालतात, कंबर भक्कम व्हावी म्हणून. आपल्याकडे बाळंतिणीला डिंकाचे लाडू देतात, त्यामागेही हाच विचार आहे. चव मात्र पहिल्यांदा जड वाटते. तेलकट, धुरकट, गोडाच्या आत किंचित खारट. नंतर मला ती फार आवडायला लागली.

पण अक्कांचं मोठेपण कळीत नव्हतं. त्या म्हणाल्या, “वास येतो म्हणतेस ना, मग हे घरचं पुरणार नाही. माझ्याबरोबर चल.” आणि सोमवारी सकाळी त्या मला सरकारी दवाखान्यातल्या सिद्ध विभागात घेऊन गेल्या.

तमिळनाडूत सिद्ध ही काही जंगलातल्या एखाद्या वैदूकडची विद्या नाही. अगस्त्यांपासून अठरा सिद्धांची परंपरा सांगतात, तमिळ पद्यांत लिहिलेले ग्रंथ आहेत, आणि आज साडेपाच वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. पाळयंकोट्टैला १९६४ पासून सरकारी सिद्ध महाविद्यालय आहे, चेन्नईला तांबरमजवळ २००५ साली राष्ट्रीय सिद्ध संस्था सुरू झाली. कितीतरी सरकारी रुग्णालयांत, प्राथमिक आरोग्य केंद्रांतही सिद्ध डॉक्टर बसतात. लोक ‘इंग्लीश मरुंदु’ आणि ‘सिद्ध मरुंदु’ अशी दोन्ही नावं एका दमात घेतात आणि कुठल्या दुखण्याला कुठे जायचं ते आपलं आपण ठरवतात. आम्ही गेलो तिथेही एकाच व्हरांड्यात दोन्हीकडच्या रांगा होत्या, फक्त सिद्धच्या बाजूला त्रिफळ्याचा आणि कसल्याशा कडू काढ्याचा वास येत होता.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी आधी दार लावून घेतलं. अक्कांना विचारलं, तुम्ही थांबणार का बाहेर बसणार. मग माझ्याकडे पाहून विचारलं, तुम्हाला काय हवंय. मी म्हटलं, थांबू देत. त्यानंतर त्यांनी जे प्रश्न विचारले त्यांत माझी सगळी वर्षं येऊन गेली. रंग पांढरा, पिवळट की राखाडी, पातळ की दह्यासारखं, पाळीच्या आधी जास्त की नंतर, संबंधांनंतर रक्ताचा डाग दिसतो का, तांबी बसवली आहे का, यजमानांना काही त्रास आहे का, बाळंतपणं कशी झाली, साखर तपासली आहे का. मग जेवण, शौच, लघवी, झोप.

सिद्ध वैद्यकात आठ अंगांनी तपासायची रीत आहे. नाडी, स्पर्श, जीभ, रंग, आवाज, डोळे, मल आणि मूत्र. त्यांनी माझा डावा हात घेतला, बायकांचा डावाच बघतात, आणि मनगटावर तीन बोटं ठेवली. तर्जनीखाली वाली म्हणजे वात, मधल्या बोटाखाली अळल म्हणजे पित्त, अनामिकेखाली ऐयम म्हणजे कफ. निरोगी माणसात या तिन्हींचं प्रमाण एक, अर्धा आणि पाव असं असावं, असं त्यांचं शास्त्र. बराच वेळ त्या गप्प होत्या. मग जीभ बघितली, पापणी खाली ओढून बघितली, नखं दाबून बघितली. मोडक्या इंग्रजीत आमचं बोलणं चाललं होतं. त्या म्हणाल्या, “रक्त फार कमी असणार तुमचं. आणि तुमचा आवाज पोटातून येत नाहीये, घशातच थांबतोय. इथे कुणाशी बोलता तुम्ही?”

मी काहीच बोलू शकले नाही. अक्कांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

या प्रश्नाबद्दल मी नंतर खूप विचार केला आहे. पांढरं जाण्याची तक्रार घेऊन आलेल्या बाईचा आवाज ऐकायचा, हा तपासणीचाच भाग आहे असं जे शास्त्र मानतं, त्याने बाईला ओळखलं आहे असं मला वाटतं. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच तक्रार करणाऱ्या बायकांचा अभ्यास केला होता, तो २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी, उदासीशी आणि काळजीशी जास्त घट्ट होता. म्हणजे बाई ‘पांढरं जातंय’ म्हणते तेव्हा अनेकदा तिला आणखीही काही सांगायचं असतं, आणि सांगायला तिच्यापाशी एवढीच एक तक्रार असते. पण याचा अर्थ तिची तक्रार मनाची म्हणून सोडून द्यायची असा मुळीच नाही. गडचिरोलीच्या दोन खेड्यांत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ती मांडली. ९२ टक्के बायकांना गर्भाशयाचा, योनिमार्गाचा किंवा लैंगिक असा एक तरी आजार होता, आणि आधी कधीतरी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. या दोन्ही अभ्यासांतली बाई मला एकच वाटते. तिचं ऐकलंही पाहिजे आणि तिला तपासलंही पाहिजे. त्या सोमवारी माझ्या वाट्याला दोन्ही आलं.

कारण नाडी बघून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी औषध दिलंच नाही. चिठ्ठी लिहून मला त्याच व्हरांड्यातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. म्हणाल्या, “वास आणि राखाडी रंग आहे, तर आधी स्रावाची काच तपासून घेऊ. जंतू असले तर ते इंग्लीश मरुंदुने लवकर जातील. मग उरेल ते माझं काम.” पहिल्यांदाच कुणीतरी मला टेबलावर घेऊन, काय करतोय ते सांगत सांगत तपासलं. गर्भाशयाच्या मुखाला पातळ ॲसेटिक ॲसिड लावून कर्करोगाची प्राथमिक तपासणीही तिथल्या तिथे झाली. रंग बदलला नाही, म्हणजे त्यात काही संशयास्पद दिसलं नाही. काचेवर मात्र जंतुसंसर्ग निघाला, आणि हिमोग्लोबिन निघालं ८.६.

स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं, ते इथे सांगायलाच हवं. योनिमार्गात चांगले जिवाणू राहतात, ते आम्ल तयार करतात, आणि त्या आम्लामुळे दुसरे जंतू वाढत नाहीत. निरोगी अवस्थेत तिथला पीएच साधारण ३.८ ते ४.५ असतो. साबणाने किंवा जंतुनाशकाने आतून धुतलं की चांगले जिवाणू मरतात, आम्ल कमी होतं, आणि माशासारखा वास येणारा पातळ राखाडी स्राव सुरू होतो. बुरशी असेल तर दह्याच्या कवडीसारखं जातं आणि भयंकर खाज सुटते. हिरवट फेसाळ असेल तर तिसराच जंतू, आणि त्यात नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. आणि दोन पाळ्यांच्या मध्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखा पारदर्शक, तारेचा जो स्राव येतो, गरोदरपणात जो वाढतो, तो आजारच नाही. हे मला दोन मुलं झाल्यावर, पस्तिशी ओलांडल्यावर कळलं. मुलींना नववी-दहावीतच हे शिकवायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांचा सात दिवसांचा कोर्स झाला. वास गेला, स्राव बराच कमी झाला. मग मी पुन्हा सिद्धच्या दारात गेले, कारण कंबर, थकवा आणि झोप जिथल्या तिथे होती, आणि हा संसर्ग उलटून येतो हे मी गावाकडे अनुभवलेलं होतं.

आता औषधं मिळाली. तण्णीर्विट्टान किळंगु, म्हणजे आपली शतावरी, तिचं चूर्ण दुधातून. वेण्पूसणी लेगियम, म्हणजे कोहळ्याचा अवलेह, सकाळ-संध्याकाळ. रक्तासाठी अन्नबेदी चेंदूरम, हिराकसापासून केलेलं लालसर भस्म, कागदाच्या इवल्याशा पुड्यांत बांधलेलं, मधातून चाटायचं. आणि त्रिफळ्याची भरड पाण्यात चौथाई उरेपर्यंत उकळून, गाळून, कोमट झाल्यावर धुवायला. त्यावर त्यांनी बोट उगारून सांगितलं, “फक्त बाहेरून. आत पाणी मारायचं नाही.” पुष्कळ बायकांना पडिकार पर्पम, तुरटीचं भस्म, देतात असं मी रांगेत ऐकलं होतं. मला का नाही, विचारलं. त्या म्हणाल्या, “प्रत्येकीला एकच औषध द्यायचं असतं तर मी नाडी कशाला बघितली असती?”

पुडीतलं औषध भस्म आहे म्हटल्यावर माझ्या मनात शंका आली, आणि तीही त्यांनी मोकळेपणाने घेतली. सिद्ध औषधांत धातू आणि खनिजं पुष्कळ. ग्रंथांत चूर्णाचं आयुष्य तीन महिने, लेगियमचं सहा महिने, पर्पमचं शंभर वर्षं असं सांगितलेलं असतं, आणि त्यामुळे लोकांना भस्मांचं आकर्षण फार. पण शोधन नीट झालेलं नसेल तर तेच भस्म यकृताला, मूत्रपिंडाला भारी पडतं. म्हणून परवानाधारक औषधशाळेचंच घ्यायचं, डॉक्टरने सांगितल्यापेक्षा एक दिवसही जास्त घ्यायचं नाही, आणि दिवस राहिल्याची नुसती शंका आली तरी थांबवून सांगायला यायचं. हे त्यांनी माझ्याकडून परत वदवून घेतलं. मधूनमधून रक्त तपासल्याशिवाय पुढची पुडी मिळायची नाही.

आणि मग पत्तियम. पथ्य आपल्याकडेही असतं, पण आपण ते औषधाच्या मागून चालत येणारं मानतो. तंजावरमध्ये औषध विचारताना लोक ‘पत्तियम किती?’ हे आधी विचारतात. माझ्या यादीत चिंच, वांगं, लोणचं, सुकट, कोंबडी आणि फार तिखट वर्ज्य. शिवाय कारलं आणि अगत्तीची भाजी औषधाचा गुण मारतात, म्हणून तीही बंद. अगत्ती म्हणजे हादगा. ज्याच्या नावाने मी लहानपणी हत्तीभोवती फेर धरला, त्याचा पाला तंजावरच्या भाजीबाजारात जुड्या बांधून विकायला असतो, हे पाहून मला फार गंमत वाटली होती. आमच्याकडे फुलांची भजी करतात, पाल्याची भाजी मी तिथेच पहिल्यांदा पाहिली, आणि तेव्हाच ती मला बंद होती. चिंचेशिवाय त्या मुलखात राहणं म्हणजे काय हे तिथे राहिलेल्यालाच कळेल. सांबार, रसम, वत्तकुळंबु, सगळं चिंचेवर उभं. मी मुगाचं साधं वरण, दुधी, पडवळ, ताक आणि छोट्या कांद्यांची आमटी यांवर राहिले. रात्रीच्या भातात पाणी घालून सकाळी ते पाणी प्यायचं, नीरागारम, तेही सांगितलं होतं. मुदत एक मंडलम, म्हणजे ४८ दिवस.

पथ्याने काय साधतं, याचं माझं उत्तर साधं आहे. आमच्या घरात आधी यांचं ताट, मग मुलांचं, मग उरलंसुरलं माझं, असं वर्षानुवर्षं चालत होतं. पत्तियममुळे प्रथमच माझ्यासाठी वेगळं भांडं चुलीवर चढलं. कुणी ‘कशाला एवढं’ म्हटलं नाही, कारण डॉक्टरांनी सांगितलं होतं. दूध माझ्यासाठी बाजूला काढलं जाऊ लागलं. न्हाणं झालं की दुपारी झोपायचं नाही, पण रात्री दहाला दिवा बंद, हेही पथ्यातच होतं, म्हणून यांनी टीव्ही बंद करायला सुरुवात केली. बाईने स्वतःसाठी मागितलं तर घर कां-कूं करतं. शास्त्राने सांगितलं की करतं. सिद्ध वैद्यकाने माझ्यावर केलेल्या उपकारांत मी याला शतावरीच्या आधी मोजते.

एकदा मी त्यांना नेय्क्कुरीबद्दल विचारलं. लघवीवर तेलाचा थेंब टाकून रोग ओळखतात असं अक्कांकडून ऐकलं होतं. त्या हसल्या आणि पुढच्या वेळी पहाटेची पहिली लघवी काचेच्या बाटलीत आणायला सांगितली. खिडकीशी, उजेडात, एका पांढऱ्या वाडग्यात ती ओतली. पंखा बंद केला. काडीच्या टोकाने तिळाच्या तेलाचा एक थेंब, पृष्ठभागाला धक्का न लावता, अलगद सोडला. आम्ही दोघी वाकून बघत होतो. थेंब क्षणभर तसाच राहिला, मग कडेने पसरत गेला, मधला भाग विरळ झाला आणि अंगठीसारखं कडं तयार झालं. सापासारखा लांबला तर वात, अंगठीसारखा पसरला तर पित्त, मोत्यासारखा गोल थांबला तर कफ, असं तेरैयर या सिद्धांच्या नावावरच्या ग्रंथात आहे. माझं पित्त निघालं, म्हणजे अक्कांचं ‘सूडु’ बरोबर होतं म्हणायचं. डॉक्टरीणबाईंनी ते वहीत टिपलं, आणि त्याच पानावर खाली काचेचा आणि हिमोग्लोबिनचा अहवाल चिकटवलेला होता. त्यांना त्या दोहोंत भांडण दिसत नव्हतं. कुठला निर्णय कशावर घ्यायचा हे मात्र त्यांना पक्कं माहीत होतं. जंतूंसाठी त्यांनी थेंबाकडे पाहिलं नाही.

बरं वाटायला लागल्यावर मी गावात हिंडू लागले. सरस्वती महालात गेले तेव्हा कळलं की दुसरे सरफोजीराजे, १७९८ ते १८३२ ज्यांचा काळ, त्यांनी धन्वंतरी महाल नावाची संस्था चालवली होती. तिथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय वैद्यक जाणणारी मंडळी एकत्र बसून औषधं पारखून घेत, आणि गुण आलेल्या उपायांची तमिळ पद्यांत नोंद होत असे. ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने ग्रंथालयाने ती पुढे छापली आहे. मराठी राजाच्या आश्रयाला तमिळ पद्यातलं वैद्यक! दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या दोन रांगा मला त्या महालाच्याच वंशातल्या वाटल्या. एकानेही दुसऱ्याला खोटं पाडायचा आग्रह धरला नाही.

मंडलम संपेपर्यंत कंबर बरीच मोकळी झाली होती. हिमोग्लोबिन ११ च्या पुढे जायला मात्र आणखी कितीतरी वेळ लागला. संसर्ग पुन्हा झाला नाही. यात गोळ्यांचा वाटा आहे, शतावरी-कोहळ्याचा आहे, पुरेशा झोपेचा आणि दुधाचा आहे, अक्कांशी रोज दुपारी होणाऱ्या गप्पांचाही आहे. मी तोवर तमिळ बोलायला लागले होते. शेवटच्या खेपेला डॉक्टरीणबाईंशी तमिळमध्ये बोलले, तेव्हा त्यांनी नाडी बघायच्या आधीच वहीत ‘आवाज’ या शब्दापुढे काहीतरी लिहिलं.

आता आम्ही परत साताऱ्याला आहोत. बायका मला ‘तिकडचं औषध’ विचारतात. मी नाव सांगत नाही. आधी चार गोष्टी विचारते. वास आहे का, खाज आहे का, संबंधांनंतर किंवा एरवी रक्त दिसतं का, पाळी गेल्यानंतर सुरू झालंय का. यातलं एक जरी ‘हो’ असलं तर काढे आणि कोहळा नंतर, आधी तपासणी. यातलं काहीच नसेल, नुसता पारदर्शक स्राव असेल, तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हाडं झिजून बाहेर जात नाहीत, धातू जात नाही, हे सांगते. हे ऐकल्यावरच कितीजणींच्या तोंडावर रंग येतो. मग रक्त तपासून घ्यायला सांगते, कारण थकवा खरा असतो.

मागच्या उन्हाळ्यात वन्सं राहायला आल्या होत्या. पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती. दोन दिवस त्या घुटमळत होत्या, तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “वहिनी, पांढऱ्यात जरा तांबूस दिसतंय.” मी तवा खाली उतरवला आणि विचारलं, कधीपासून. वर्ष होत आलं होतं. त्याच आठवड्यात त्यांना जिल्ह्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेलं. सोनोग्राफी झाली, गर्भाशयाच्या मुखाचा आणि आतल्या अस्तराचा नमुना तपासायला गेला. अहवाल येईपर्यंत त्या देवापुढून उठल्या नाहीत. कर्करोग निघाला नाही. वयामुळे आतलं अस्तर कोरडं, पातळ होऊन त्यातून रक्त येत होतं. लावायचं मलम दिलं आहे आणि तांबूस जायचं थांबलं आहे. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे, आणि या वेळी वन्संनी स्वतःच फोन करून तारीख घेतली आहे.